छाट

नववा भाग आलाय. चौऱ्याऐंशी जीबी.
विडी घरकुलात नेट रात्री दोननंतर बरं धावतं,
म्हणून डाउनलोड लावून गच्चीवर झोपलो.
सकाळी अम्मानं विचारलं,
आली का रे तुझी नदी?

गेमचं नाव तिला कधीच घेता आलं नाही.
पहिला भाग खेळलो तेव्हा मी सातवीत,
अंबादास येमुलच्या भावानं टाकलेला कॉम्प्युटर,
आणि मागं अम्मा, मांडीवर सूप,
पान, जर्दा, दोरा, कात्री.
तिच्या हजार विड्या पुऱ्या होईपर्यंत
केरनची बहीण नदीत हरवलेली असायची.
इंग्रजी दोघांनाही येत नव्हतं.
मी चित्रं बघून तेलुगूत सांगायचो,
तेलुगू संपली की मराठीत,
आणि ती मान वर न करता, मग? एमैंदि?

तेव्हा त्या गेममध्ये फारसं कुणी बोलायचंच नाही.
एका पडक्या घरात तीन ताटं वाढलेली,
खाल्लेलं एकातलंच.
बस्स. पुढं दार, दारापुढं नदी.
अम्माची कात्री थांबली.
दोघं आलीच नाहीत, म्हणाली.

दुसऱ्या भागात एक नावाडी होता. त्याला नाव नव्हतं.
एकच वाक्य बोलायचा:
पलीकडं पोचलास की हाक मार.
आम्ही पोचलो.
हाक मारायचं बटणच नव्हतं.

तिसऱ्यात बहीण मेली. खरी मेली.
त्या दिवशी अम्माच्या नऊशेच झाल्या.

मग पैसा आला. पाण्यावरचं ऊन असं,
की हिप्परग्याचा तलाव खोटा वाटावा.
आणि सगळे बोलायला लागले.
राजा तलवार चालवता चालवता लहानपण सांगतो,
झाड सांगतं, दगड सांगतो,
नदी काळी का, हे कळायला अकरा मिनिटं
नुसतं बसून राहायचं.

सहाव्यात बहीण परत.
दुसऱ्या काळातली, म्हणे.
अम्मानं सूप खाली ठेवलं.
मेलेली ना बे ती? आपण रडलो की.
मी काळाचे फाटे समजावले, दोन नद्या समजावल्या.
तिनं सगळं ऐकून घेतलं.
कारखान्यात चेकर जुडीतली विडी उचलून
दोन बोटांत दाबतो,
आत भरलंय का नुसतंच पान,
तशी तिनं ती गोष्ट दाबली
आणि म्हणाली, छाट.

चेकरनं छाट केलेल्या विडीचे पैसे मिळत नाहीत.
मी मात्र सातव्याचे भरले, आठव्याचेही भरले.
खोटं कशाला बोलू, सातव्यात एक गाव होतं,
बायका रिकाम्या घागरी रांगेत लावून घरी जायच्या
आणि मागं घागरीच एकमेकींशी भांडायच्या.
आमच्याकडं पाणी पाचव्या दिवशी येतं.
इतके हसलो, की शेजारच्या कोंड्याल काकू बघायला आल्या.

आता अम्माच्या डोळ्यांत सारा पांढरा.
विड्या सुटल्या, पण बोटं
पदराचं टोक वळत बसतात.
मी खेळतो, ती ऐकते,
आणि मी तिला जे सांगतो ते गेममध्ये नसतं.

स्क्रीनवर बहीण राणी झालीय, भाषण देतेय.
मी म्हणतो, केरन एकटाच चाललाय.
राजा बाराव्यांदा बालपण काढतो.
मी म्हणतो, राजा काही न बोलता पडला.
आणि नावाडी, ज्याला लिहिणारे दुसऱ्या भागातच विसरले,
त्याला मी दर भागात थोडं थोडं पुढं ढकलत आणलंय.
पाचव्यात त्याची नाव गळत होती.
आठव्यात त्याला खोकला लागला.

काल रात्री तिनं विचारलं,
त्याला हाक मारली का रे कुणी?

मी गेम थांबवली. नऊ भागांत ते बटण
अजून कुणी बसवलेलं नाही.
केरन काठावर उभा, वाऱ्यानं त्याचा अंगरखा
उगाच, फार सुंदर हलत होता.

मारली, म्हटलं.

पदराचं टोक तिनं दोन बोटांत दाबलं,
सोडलं, पुन्हा दाबलं.

ऐकू आली का त्याला?