दाणावैरणीची नोंद

पत्र आलं मोहरमच्या सहाव्या दिवशी.
चंदेरीचा विणकर घसीटा घेऊन आला,
पागोट्यांच्या गठ्ठ्यात,
सहाव्या आणि सातव्या घडीच्या मध्ये.
टाचा फुटलेल्या. ओठ पांढरे.
नाक्यावर सबिलीचं गार सरबत होतं, ते त्याला चालेना,
मौलवींनी मना केलंय म्हणाला.
मी आमच्या रांजणातलं पाणी वरून ओतलं,
तो ओंजळीनं प्याला.
दोघांनीही आपापला धर्म राखला.

मौलवी इनायतुल्लांना मी एकदाच पाहिलं होतं,
स्वर्णरेखेच्या कोरड्या वाळूत,
समोर मोतद्दार, खाटीक, दोन-तीन बारगीर.
आवाज मोठा नव्हता. मागचे पुढे सरकत होते.
साध्या हिंदुस्थानीत म्हणाले,
थडग्यांवर दिवे लावता,
आणि घरातल्या विधवेला अंधारात बसवता?
मी स्वतः भावाच्या विधवेशी निकाह लावलाय. आता तुम्ही बोला.
मी कामाचं निमित्त करून उठलो.
घरी गोदू होती, माझी बहीण.
चौदाव्या वर्षापासून आलवणात.

पत्र फारसी. सरदार निळोजीरावांना मराठी हवं.
पारसनिसाचं कामच ते,
दोन माणसांच्या मधे बसायचं आणि दिसायचं नाही.

'बेगाने' होतं, मी 'टोपीकर' लिहिलं.
'आधी त्यांनी वजनं आणली, मग तराजू,
आता आपणच पारड्यात बसलोय.'
हे सरळ उतरलं, मोडीत तर अधिकच सरळ.
'आम्हांला गादी नको. ते गेले की ज्याची दौलत त्याची.'
हेही.
मग तो शब्द आला.
बोरू तीनदा बुडवला.
धर्मयुद्ध लिहावं, तर धर्म कुणाचा?
लढाई लिहावी, तर तनखा कोण देणार, हे सरदार आधी विचारतील.
झुंज तर एडक्यांचीही लावतात.
शेवटी लिहिलं: जिवावर उदार होणे.
वाळू टाकली. शाई वाळेपर्यंत
माझाच हात मला ओळखीचा वाटेना.

निळोजीरावांच्या चौकात ताबूत उभा राहत होता,
बांबू, अभ्रक, खळ.
ते स्वतः दहा दिवसांचे फकीर,
गळ्यात हिरवी सेली, बोटांना खळ लागलेली.
ऐकून हसले: "ताबूत मोडा म्हणणारा हाच ना?"
हाच, म्हटलं.
मग बराच वेळ हसले नाहीत.
"आपल्याकडे घोडी किती उरली रे?"
एकेचाळीस. त्यांतली नऊ वरातीपुरती.
अभ्रकाचा एक तुकडा त्यांनी नखानं सोलला, उन्हात धरला.
"रेसिडेंटाचा मुनशी उद्या दफ्तर बघायला येतोय.
उत्तर लिहू नकोस.
आणि फाडूही नकोस."

रात्री समईपाशी मी नोंद केली:
'फारसी पत्र एक. घोड्यांच्या दाणावैरणीबाबत.
उत्तर नाही.'
मुनशीनं सकाळी ओळीवरून बोट फिरवलं,
जांभई दिली. "हरभऱ्याचा भाव काय चाललाय?"
चढा आहे, म्हटलं.

घसीटा दोन दिवस थांबला.
रिकाम्या हातानं जातोय असं त्याच्या चालीत दिसलं नाही.
उत्तरेला सहाशे कोस, म्हणाला, पहाडात.
बोटं मोजायची सवय होती त्याला, धागे मोजतात तशी.

पाच वर्षांनी बातमी आली,
बाजारात, तुपाच्या दुकानात, अर्धी.
पहाडात सगळे कापले गेले.
कुणी म्हणे फितुरी, कुणी म्हणे बर्फ.
दुकानदारानं वजन करता करता सांगितलं.
मी तूप घेतलं.

लष्करातले तंबू केव्हाच गेले, नाव तेवढं राहिलं.
निळोजीरावांना तैनाती फौजेची सलामी मिळते.
माझा नातू टोपीकरांची बाराखडी शिकतो,
डावीकडून उजवीकडे, मान वाकडी करून.
नोंद अजून त्याच रुमालात बांधलेली आहे.
घसीटाचं एक पागोटं मी वापरतो,
ज्याच्या घडीत पत्र होतं ते.
वीण अजून उसवलेली नाही.

गोदूनं एकदाच विचारलं,
दळता दळता, जात्याचा खुंटा न सोडता:
"दादा, तो वाळूतला मौलवी,
बायकांबद्दल काही बोलला होता म्हणे?"

मी म्हटलं, फारसीत होतं.
नीट कळलं नाही.