शनिवारचा फळा

खडू संपत आलाय, म्हणून आज अक्षर बारीक.
शुक्रवार पेठेतल्या सभासदांनी जरा पुढं येऊन वाचावं,
चप्पल बाहेर काढून.

नवी पुस्तकं अकरा.
चार परीक्षेची, ती सोमवारपर्यंत टिकणार नाहीत.
तीन कै. नेमगोंडा चौगुल्यांच्या कपाटातली, देणगी,
सुपारीचा वास येतो, चालवून घ्या.
उरलेली चार मी निवडली,
समितीला विचारून,
पण आधी विकत घेऊन.

दाखल क्रमांक ९३०४ :
रात्री झोप येत नाही त्यांनी न्यावं.
झोप येईलच असं नाही,
जागं राहायला कारण मिळेल.

९३०७ स्वयंपाकाचं वाटेल, तसं नाही.
एक बाई तीनशे पानं मसाला भाजते
आणि शेवटी गॅस बंद करून घर सोडते.
शकीरा मुल्लाणींनी नेलं, दुसऱ्या दिवशी परत आणलं,
म्हणाल्या, ठसका लागला ओ बाई,
आणि तिथंच उभ्या उभ्या
पुन्हा स्वतःच्या नावावर चढवलं.

९३१० कवितांचं. पातळ आहे.
पातळ म्हणून कुणी हात लावत नाही.
पांढरा रस्साही पातळच असतो, मंडळी,
तरी वाटीवर वाटी ओढता.

विलंब शुल्क रोज पन्नास पैसे.
पन्नास पैसे आता कुणाकडंच नसतात,
तेव्हा उशीर करायचा तर दोन दोन दिवसांचा करा.

पुढची बातमी फळ्यावर मावत नाही.
भिंतीवर लिहितेय,
पुराची तपकिरी रेघ आहे तिच्या खाली.

त्या रात्री पंचगंगा वर्गणी न भरता आत आली
आणि खालच्या कप्प्यापासून वाचत सुटली.
तालमीतली पोरं कमरेएवढ्या पाण्यात उतरली,
गुळाच्या रिकाम्या पोत्यांत पुस्तकं भरली,
खांद्यावर घेऊन तालमीच्या माडीवर नेली.
नावं कुणी वाचली नाहीत.
वजन तेवढं वाचलं.

त्यातला सर्जेराव खाडे परवा आला.
आता मार्केट यार्डात तोलाई करतो, कान तसेच, मोडलेले.
दारात उभा राहून म्हणाला,
बाई, मी सहा पोती वाहिली. आत काय होतं?
पुस्तकं, मी म्हटलं.
ते म्हाईत हाय. आत काय होतं?

बावीस वर्षं या खुर्चीवर बसतेय.
एवढा अवघड प्रश्न समितीनंसुद्धा विचारला नव्हता.

मी त्याला २२१६ काढून दिलं,
पाण्यानं फुगून दुप्पट झालेलं,
पाठ यल्लाप्पा कांबळ्यांनी
चपलेच्या दोऱ्यानं शिवलेली.
त्यानं ते तळव्यावर ठेवून जरा खालीवर केलं.
लई हलकं झालंय, म्हणाला.

आज परत घेऊन आला. चाळिसाव्या पानापर्यंत पोचलाय.
पुढची पानं गाळानं एकमेकांना धरून बसलीत.
ओढलं तर फाटंल, म्हणून ओढलं न्हाई, म्हणाला,
पर त्यो पोरगा विहिरीत उतरला,
त्याचं फुडं काय झालं?

मी हे पुस्तक वाचलेलं नाही.
फळ्यावर लिहायला लाज वाटते, भिंतीवर लिहिते.
दुसरी प्रत नाही. प्रकाशक बंद पडला.
मागच्या चिठ्ठीवर सात वाचकांचे शिक्के,
दोन धुऊन गेले,
तीन वाचक वारले,
एक लेकाकडं पुण्याला.
सातवं नाव आक्काताई, आडनाव वाचता येत नाही.

तर आक्काताईंनी, किंवा
पुराआधी २२१६ ज्यांनी कुणी वाचलं असेल त्यांनी
मंगळवारी संध्याकाळी सहाला यावं
आणि चाळीस ते सत्तेचाळीस पानांत काय होतं
ते सर्जेरावांना सांगावं.
मीही ऐकायला बसेन.

पुसट आठवत असेल तरी या.
चुकीचं आठवत असेल तरी या.
कार्ड नसलं तरी चालेल.
चहा वाचनालयाकडून.