फितूर

वडूज कोर्ट. साक्षीदार क्रमांक तीन,
अनुसया फडतरे,
म्हणाली, मला कायबी ठावं न्हाई.

परवा माझ्याच टेबलापाशी
तिनं हात उचलून दाखवलेला
कोयता कसा वर गेला ते.

मी उठलो. साक्षीदार फितूर घोषित करावा, साहेब.
पंधरा वर्षांत हे वाक्य इतकं गुळगुळीत झालंय,
जिभेवर ठरतच नाही.

मुद्देमालावरच्या लाखेचा टवका उडालेला.
एक पंच वारला, दुसरा पुण्यात वॉचमन.

उलटतपासात ती
पदराला गाठ मारत राहिली,
सोडत राहिली.

संध्याकाळी दहिवडीच्या एसटीत
तिनंच सरकून जागा दिली.
बसा सायेब. त्येंचं घर
माज्या दाराम्होरंच हाय.

कंडक्टर आला.
मी एकाचंच तिकीट काढलं.