निकालाचा रकाना

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात.
मी रोज आठला चढते, पगारासाठी:
पाइनी फोर्क, वेस्ट व्हर्जिनिया,
सतरा पायऱ्या, तिसरी फुटकी.

डेल्मर स्टिलवेल मंगळवारी आला,
टोपी हातात, खिशात चार घड्यांचं पत्र.
दुकानदार त्याच्याच वर्गातला.
फॉर्म भरून घेतला, फोन लावला,
आणि रायफल काउंटरवरून उचलून
मागच्या फळीवर ठेवली, डोळे न भिडवता,
उधारी थकलेल्याच्या पुढ्यातून
पुडकं ओढून घ्यावं तशी.

"मी केलंय काय, मिस के?"
केकरे त्याच्या दातांत अडकतं.

कारण मागितल्यावर मिळतं.
पण मागावं लागतं, हे त्याला पुतणीनं सांगितलं.
मग अपील. मग बोटांचे ठसे.
शेरीफच्या ऑफिसात दोनदा शाई लावली,
दोनदा नुसते डाग उमटले;
तीस वर्षं कोळसा उपसून रेषा झिजलेल्या.
तिसऱ्यांदा तिथल्या पोरानं
एकेका बोटाला लोशन चोळलं, सावकाश.
इतका वेळ त्याचा हात कुणी हातात धरल्याला
बरीच वर्षं झाली असावीत.
हे माझं. तो काही बोलला नाही.

कारण असं:
एक्क्याऐंशीचा संप, खाणीच्या फाटकावर मारामारी,
आरोपपत्र दाखल.
पुढचा रकाना, निकालाचा, कोरा.
आणि मशीनच्या लेखी कोरं म्हणजे चालू.
त्रेचाळीस वर्षं हा माणूस तारखेची वाट बघत
बाकावर बसलाय, असं मशीन धरून चाललंय.
मधल्या काळात लग्न झालं, फुप्फुसं गेली, बायको गेली.
"अहो, ते तर तेव्हाच मिटलं!
जज्ज म्हणाला, घरी जा, डुकरं उपाशी असतील."

मला बंदूक आवडत नाही, तेही इथं नोंदवते.
माझ्या मुलीच्या शाळेत दाराला कडी घालून
अंधारात गप्प बसायचा सराव होतो.
त्या दिवशी ती डबा तसाच परत आणते.
पण खोटा कागदही मला तितकाच खुपतो.
तितकाच? तोलायला माझ्याकडे काही नाही.
भिंतीवरचा पितळी तराजू
रंगाऱ्यांनी हलवल्यापासून कललेलाच आहे.

जेवणाच्या सुट्टीत तळघरात उतरले, तीन दिवस.
भिंतीवर जुन्या पुराची रेघ, माझ्या खांद्याएवढी.
एक्क्याऐंशीत नाही. ब्याऐंशीत नाही.
त्र्याऐंशीच्या खोक्यात, कुत्र्यांच्या परवान्यांखाली,
जज्जचं तिरकं अक्षर: आरोप रद्द.
आणि मागे, गंजलेल्या क्लिपनं धरलेली,
राज्याच्या कचेरीचा पत्ता टाइप केलेली
पिवळी कार्डं. टपालात न पडलेली.
एक नाही. अकरा.

कोण बसत असेल तेव्हा माझ्या खुर्चीत?
फोन वाजला असेल. मूल तापानं फणफणलं असेल.
शुक्रवार असेल.
मला माहीत आहे हे कसं होतं.

सही-शिक्क्याची नक्कल दिली. म्हटलं,
याउपर ऐकलं नाही, तर सरकारवर दावा लावता येतो,
कायद्यात तसं कलम आहे.
"कलम असेल. पण वकिलाच्या फीत
दहा रायफली येतात, मिस के."

फेब्रुवारीत उत्तर आलं: नकार मागे.
हरणांचा हंगाम केव्हाच सरला होता.
तो सांगायला आला, सतरा पायऱ्या, तीनदा थांबत.
"म्हणजे इतकी वर्षं मी तुमच्या तळघरात
निर्दोष पडून होतो?"
हो.
"भाडं द्यायला हवं होतं मी."
आणि घरी ठेवायला आणखी एक नक्कल मागितली.
दीड डॉलर. त्यानं नाणी मोजली, मी पावती फाडली.

उरलेल्या दहांपैकी सात
टेकडीवरच्या दफनभूमीत आहेत.
त्यांचीही कार्डं पाठवली.
तिकिटं माझ्या पैशांची,
त्यांची पावती नाही.