इतर

फोनच्या काचेला तडा गेलाय,
नेमका 'पुढे जा'च्या अंगावरून,
म्हणून मी बोट जरा तिरपं टेकवते.

पळसटोल्यात एकशे चौदा घरं.
रेंज राशन दुकानाच्या ओट्यावर
आणि जीवनकला पेंदामच्या गोठ्यामागे,
शेणाच्या ढिगाला पाठ करून उभं राहिलं तर.
तिथंच मी तपासणी मांडते.

फोन विचारतो,
आपणांस होणाऱ्या वेदनेचे स्वरूप कोणते?
तीव्र. मंद. अधूनमधून. इतर.

"वेदना कोन?" जीवनकला म्हणते,
"आपल्या टोल्याची नाही ते."

दुखते का, मावशे?

"दुखते ना वो.
रोवणीत पाय फसते ना गाऱ्यात, तसं.
काढाले जा, तं निंगत नाही.
उभं राहा, तं अजून खाली जाते."

मी यादी वर करते, खाली करते.
इतर.

नकुल मडावी, सोळा वर्षं, सिकलसेल.
पडद्यावर एक गोरा टकला माणूस,
दुखते तिथं बोट लावा.
नकुल म्हणतो, "आता गुडघ्यात होतं.
तुमचा फोन उघडेवरी पाठीत गेलं."
टकल्याला एकच लाल ठिपका चालतो.
इतर.

सायत्राबाईच्या अंगठ्यानं चाळीस वर्षं बांबू सोलला.
आता बांबूनं तो अंगठा सोलून ठेवलाय,
एक रेघ उरली नाही.
मशीन म्हणते, पुन्हा प्रयत्न करा.
मग आकडा पाठवते, तो जातो मुलाच्या फोनवर,
मुलगा तेलंगणात मिरची तोडायला.
तो दुपारी भाकर खाताना आकडा वाचून सांगतो,
हळूहळू, एकेक,
तोवर आकडा मेलेला असतो.

महिनाअखेर वरून फोन.
तुमच्याकडे सत्तर टक्के इतर कसे?
प्रशिक्षणाला झोपला होतात का?

इथं सगळे इतरच राहतात, सर,
मी म्हटलं, आणि जीभ चावली.

त्यावर कोणी रागावलं नाही, उलट
पावसाळ्यात मुग्धा आली, पुण्याहून, लॅपटॉप घेऊन.
पहिल्या दिवशी तिनं फार विचारलं.
दुसऱ्या दिवशी जीवनकलाच्या बांधीत उतरली
आणि तिची चप्पल गाऱ्यात राहिली. अजून तिथंच असेल.
संध्याकाळी पिंढऱ्या चोळत म्हणाली,
"हे त्या यादीत नव्हतं."
तिसऱ्या दिवशी ती फारसं बोललीच नाही.
माझ्यापुढं फोन धरला. म्हणाली, ताई, तुम्हीच विचारा.

आता पडद्यावर पदर घेतलेली बाई आहे.
दुखणं जसं फिरेल तसं बोट फिरवा, मागे रेघ उमटते.
नकुलची रेघ नदीच्या नकाशासारखी निघते.
सायत्राबाईसाठी कार्ड आलं, अंगठा लागत नाही.
आणि प्रश्न माझ्या आवाजात:
मावशे, दुखते का? कसं दुखते, सांग.
मागे जीवनकलाच्या गाईची घंटा, ती काही काढता आली नाही.

गोंडी पुढच्या आवृत्तीत, असं मुग्धा म्हणाली.
नकुलची आजी गोंडीशिवाय बोलत नाही,
पंच्याऐंशीची आहे.
पुढची म्हणजे कधी, मी विचारलं नाही.

'इतर' आहे अजून, सर्वांत खाली.
मीच म्हटलं, राहू द्या.

काल सायत्राबाईनं फोन कानाशी धरला,
मग माझ्याकडे पाहिलं, मग फोनकडे.
"तू येथी बसली, अन् तेथूनबी तूच बोलून रायली."
मग फोनलाच विचारलं,
"जेवली का वो, बाई?"

गोल चाक फिरलं, फिरलं.
समजलं नाही मावशे, पुन्हा सांग,
हेही माझ्याच आवाजात.

तिनं पुन्हा विचारलं. आणखी मोठ्यानं.

जेवली, मी म्हटलं.
खोटंच.
फोननं हिरवी खूण केली
आणि पुढं गेला.