मृत असल्याची खात्री

स्वान्झीच्या कॉलेजात, चार नंबरच्या कार्यशाळेत
हीटर आहे, पण चालत नाही.
वीजतंत्री घडवतो आम्ही इथे. हसू नका.

भिंतीवर मी प्लायवुडचं घर उभं केलंय:
दोन खोल्यांचे स्विच, एक शॉवर, एक फ्यूजबोर्ड,
आणि आत माझ्या हाताने पेरलेले पाच दोष.
एका सॉकेटात लाइन-न्यूट्रलची अदलाबदल,
एकीकडे अर्थची तार नुसती टेकवलेली,
खरी वाटावी इतपत.
बाकीचे तीन सांगत नाही,
अजून बरेच परीक्षार्थी यायचेत.

आज डेल्विन प्रॉसर. वय एकोणसाठ.
अर्ध्या मॉरिस्टनचा चहा
याने ओढलेल्या तारांवर उकळतो.
पण तार ओढता येते
म्हणून ती तपासता येते, असं आता कुणी मानत नाही.
दुसऱ्याच्या घराखाली सही करायची तर
नियमांच्या पुस्तकाची नवी आवृत्ती,
तपासणीची वेगळी लेखी परीक्षा,
आणि शेवटी हे: घड्याळ, प्लायवुड, आणि मी,
त्याच्या मुलीच्या वयाची.

त्याने चष्मा नाकावर ढकलला.
मेन बंद. कुलूप. कुलपाला पाटी.
टेस्टर चालतो का, ते पाहिलं.
मग तारेला लावला: मेलेली.
मग टेस्टर खिशात.

खिशात.

तिसरी तपासणी राहिली.
टेस्टर पुन्हा पाहायचा असतो,
मधल्या अर्ध्या मिनिटात
तोच तर मेला नाही ना.
मुका टेस्टर आणि मेलेली तार
बाहेरून सारखंच बोलतात: काहीच नाही.

नियमाने तिथेच थांबवायला हवं होतं.
मी थांबवलं नाही.
खोलीचा पुरवठा मीच तोडला होता, किल्ली माझ्या मुठीत होती,
आणि मला त्याचे हात बघायचे होते.

काय हात!
इन्सुलेशनचा आकडा मीटरवर यायच्या आत
त्याच्या ओठांवर यायचा.
पाचही दोष काढले, कागदावर नीट उतरवले,
अक्षर शाळकरी, ओळीला चिकटून.
मग पेनने बोर्डाच्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं:
"हा स्क्रू सैल आहे. हाही तुमचाच का?"
माझाच होता.
पण पेरलेला नव्हता.

कॅन्टीनमागे पार्किंगमध्ये सांगितलं त्याला.
तो व्हॅनच्या दाराला टेकून ऐकत राहिला,
समुद्राकडून बारीक, आडवा पाऊस येत होता.
म्हणाला, "चाळीस वर्षं, पोरी.
मी जिवंत आहे, एवढा पुरावा पुरत नाही?"

उत्तर माझ्याकडे होतं.
तिसरी तपासणी ज्यांची राहिली
आणि ज्यांचं नशीब त्या दिवशी राहिलं नाही,
ते अर्ज भरायला येत नाहीत.
त्यांचा अनुभव कुणी मोजत नाही,
म्हणून जगलेल्यांचा इतका भक्कम दिसतो.

असं काही मी बोलले नाही.
म्हटलं, फेब्रुवारीत पुन्हा तारीख आहे,
फी निम्मी पडेल.
"टेस्टर माझा आणला तर चालेल?"
चालेल.
"आणि तो स्क्रू?"
आवळते, म्हटलं.

व्हॅन गेल्यावर वर येऊन
त्याच्या नावापुढे जे लिहायचं ते लिहिलं.
खाली शेऱ्याची जागा होती, दोन ओळींची.
त्यात माझी चूक मावली असती.
पेन बराच वेळ तिथे टेकलेलं राहिलं.

मग स्क्रूड्रायव्हर घेऊन चार नंबरमध्ये गेले.
मेन बंद. कुलूप. पाटी.
टेस्टर.
तार.
टेस्टर.