पाच रुपये

हडर्सफिल्डला सगळंच उताराला लागलेलं,
सुपरमार्केटचं पार्किंगसुद्धा.
वारा सुटला, एक ट्रॉली निघाली
आणि माझ्या गाडीच्या दाराला
कोपरानं ढोसून थांबली.

मॅनेजर कीरन पाटीकडे बोट दाखवतो:
गाडी आपापल्या जबाबदारीवर लावावी.
कॅमेरा? तो ट्रॉल्यांच्या रांगेकडे बघतो,
आणि ही तर रांगेत परत गेलीच नाही.
विमावाली फोनवर गोड बोलते,
पहिले अडीचशे पौंड तुमचे, मॅडम.
पोचा काढायला लागणार दोनशे तीस.

म्हणजे वारा गावाचा, बिल माझं.

निदान सोडून जाणाऱ्याचा पौंड तरी मिळेल
म्हणून दुसरीची साखळी हिच्या खाचेत खुपसली.
हातात पडलं
पाच रुपयांचं नाणं.
तीन सिंह, सत्यमेव जयते, सगळं शाबूत.

"काही माग लागला?" कीरन विचारतो.
मी मूठ मिटते. "छे."

गेल्या दिवाळीला
चकलीच्या डब्यांबरोबर घरोघर
अशी अकरा नाणी मीच वाटली होती:
ठेवा पर्समध्ये,
ट्रॉलीला चालतात,
उगाच पौंड कशाला अडकवायचा.